मिठागरावर सगळेच बरे

माझा बाप मिठागरावर कामाला होता. कोपर गावाच्या खाली, खाडीला लागून आमचं गाव. उन्हाळ्यात मिठानं त्याच्या टाचा अशा चिरायच्या की आई मेण वितळवून त्या भेगा भरायची. पावसाळ्यात मिठागर बंद, हाताला काम नाही, आणि नेमका तेव्हाच ताप यायचा, दिवसाआड थंडी वाजून येणारा. गोधड्या कमी आणि कुडकुडणारे जास्त, अशी घरची तऱ्हा. माझी धाकटी बहीण अशाच तापात गेली. मी तेव्हा चौथीत होतो.

पुढे मी बी.एस्सी. झालो. आमच्या गावातला पहिला. हे मी अजूनही सांगतो आणि सांगताना आवाज खाली करत नाही. पदवी घेऊन आलो त्या दिवशी काकीनं विचारलं, "मंग आता तू सुई मारनार काय रं?" म्हटलं, काकी, मी डॉक्टर नाही. ती म्हणाली, "मंग येवरा शिकलास कशाला?"

तिला उत्तर मिळायला फार वेळ लागला नाही. ठाण्याला हिवतापाच्या कचेरीत मला हंगामी नोकरी लागली. पन्नासचं दशक अर्ध्यावर आलेलं. डीडीटीची फवारणी काही गावांत झालेली, बाकीची वाट बघत होती. फवारणीचे पंप थोडे, गावं फार. त्यामुळे ताप कुठे जास्त ते आधी बघायचं आणि तिथे पंप पाठवायचे, असं ठरलेलं. कामाची पद्धत साधी होती. मागच्या महिन्यात ताप आला का ते माणसाला विचारायचं, आणि पोट दाबून पानथरी, म्हणजे प्लीहा, वाढली आहे का ते बघायचं. वारंवार ताप आला की ती वाढते.

आमचे डॉक्टरसाहेब पुण्याकडचे. हुशार, हसरे, पण घाईचे. दिवाळीनंतर त्यांनी मला कल्याणपलीकडच्या भातशेतीच्या एका गावात पाठवलं आणि खाडीकाठची गावं स्वतः घेतली. परत आले ते खुशीतच.

"अहो, तुमचे मिठागरवाले म्हणजे पहिलवान आहेत! टोळीच्या टोळी उभी केली, एकाचीही पानथरी हाताला लागली नाही. मुकादमानं नावं पुकारली, एक माणूस गैरहजर नाही. मला वाटतं खारी हवा तापाला मानवत नसावी. आणि तुम्ही गेलात त्या गावात घरोघर ताप. पंप तिकडेच पाठवू या."

पण संध्याकाळी घरी गेलो तर बाप गोधडीत. चेहरा पिवळा पडलेला, आणि तरी हसतोय.

"काय रं, तुजा सायेब आल्ता ना मिठागराव? माजा पोट तपासला त्यानं."

"तुम्ही गेलेलात?"

"मी कवा जातो? मी तं सकालधरनं हितंच परलोय! तुजा काका गेल्ता माजे बदली. सायेब त्याला बोलला, तब्येत झकास हाय. मी बरा झालो बग, आता मना उठव!"

काका दारात बसलेला, तो खो खो हसायला लागला. आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आमच्या मिठागरावर रीतच होती. टोळीत माणूस कमी पडू द्यायचा नाही. एखादा तापानं पडला की भाऊ, मेहुणा, कोणीतरी धडधाकट माणूस त्याच्या जागी जायचा आणि त्याच्या नावाला 'हाजर' म्हणायचा. मुकादमाला ठाऊक असायचं, त्याला बांध घातला गेल्याशी मतलब. म्हणजे साहेबांनी तपासली ती सगळी बदलीवरची आणि बरी माणसं. आजारी होते ते घरात कण्हत होते, त्यांच्याकडे कोणी फिरकलंच नव्हतं. भाताच्या गावात मात्र मी दारोदार गेलेलो. तिथे उलटंच झालेलं असणार, कारण धट्टेकट्टे शेतावर आणि घरी सापडले ते दुखणाईत.

पंप गेले की पुन्हा वर्षभर येणार नव्हते. दुसऱ्या दिवशी मी साहेबांसमोर हे सगळं मांडलं.

त्यांनी चष्मा काढला. "गाव तुमचं. वडील तुमचे. ताप जास्त निघावा असं तुम्हाला वाटणारच."

मला राग आला, पण त्यांचं म्हणणं खरं होतं. मी म्हटलं, "बरोबर आहे साहेब. म्हणून मी विचारतच नाही. दोन्ही गावांत तुम्हीच विचारा. पण माणसं घरी असतील त्या दिवशी. आमच्याकडे गावदेवीच्या दिवशी कोणी फावडं उचलत नाही. आजारी, बरा, सगळा गाव घरात. तिकडेही असा दिवस असेलच, मी शोधून काढतो. आणि तापावरच्या कोयनेलच्या गोळ्यांची पेटी जीपमध्येच राहू द्या. पेटी दिसली की आमच्या बायका सासूलासुद्धा ताप चढवतील."

साहेब मोठ्यानं हसले. "तुम्ही तुमच्याच गावावर विश्वास ठेवत नाही?"

"गाव माझं आहे ना साहेब, म्हणूनच."

गावदेवीच्या दिवशी जीप आली. मी देवळाच्या पायरीवर बसून राहिलो, एकाही घरात पाऊल टाकलं नाही. साहेब एकेका दारात तोच प्रश्न त्याच शब्दांत विचारत चाललेले. काकीचा आवाज तिथपर्यंत ऐकू येत होता. "गोल्या नाय आनल्या? मंग इचारता कशाला, आमी काय सोयरीक जमवतो?" साहेबांनी न चिडता तिचं म्हणणं ऐकलं आणि पुन्हा विचारलं, मागच्या महिन्यात ताप? "आला ना! मना नाय, धाकल्या सुनंला." पेटी दिसली असती तर काकीलाही आला असता, याची मला खात्री आहे.

सगळ्यात शेवटी साहेब देवळासमोरच्या आमच्या घरी गेले. बापाचं पोट दाबलं, तर पानथरी हाताला चांगलीच लागली. बाप म्हणाला, "सायेब, मागल्या टायमाला बरा होतो ना मी?"

"तेव्हा तुम्ही जरा तरुण होतात," साहेब म्हणाले, आणि घरभर हशा पिकला. मग जीपमधून पेटी मागवली. गोळ्या सगळ्या गावाला वाटल्या. काकीनं दोनदा रांग धरली.

भाताच्या गावातही पुढच्या आठवड्यात तसंच केलं, सुगीनंतरच्या देवकार्याला, माणसं घरात असताना. तिथला ताप आम्हाला वाटला होता त्यापेक्षा कमी निघाला, आमच्याकडचा कितीतरी जास्त. पण ताप दोन्हीकडे होता, आणि साहेबांनी पंप दोन्हीकडे विभागून पाठवले.

आमच्या गावातल्या प्रत्येक घराच्या भिंतीवर त्या वर्षी फवारणी झाली. मिठागरावर उभं राहून ताप मोजणं आमच्या कचेरीनं बंद केलं. घरोघर जायचं, तेही सगळे घरी असतील त्या दिवशी, असा नियम झाला. तो नियम मी लिहून दिला आणि साहेबांनी त्यावर सही केली.