सिंहगडचा राहिलेला रविवार

ती घटना माझ्या मनातून अजून गेलेली नाही. खून, दरोडे, दंगल असे सगळे नोकरीत पाहिले, आणि त्यातले बरेच आता पुसट झाले आहे. हे प्रकरण तर कोर्टापर्यंतही पोहोचले नाही. तरीही आठवते. कोणाचेही नाव न घेता ते सांगतो.

तेव्हा मोबाइल आलेले नव्हते. सदाशिव पेठेतल्या एका चौकीत मी उपनिरीक्षक होतो. मे महिन्यातला शनिवार, सकाळची हजेरी नुकतीच आटोपली होती. पस्तिशीचा एक गृहस्थ आणि त्याचे वडील आत आले. मुलगा परदेशात नोकरीला, पाच वर्षांनी बायको आणि दोन मुलांसह तीन आठवडे आईवडिलांकडे आलेला. सोमवारी परतीचे विमान होते आणि चौघांचे पासपोर्ट घरातून नाहीसे झाले होते.

"कुठे ठेवले होते?"

"सूटकेसमध्ये. काल संध्याकाळी बघितलं तर नाहीत. सगळं घर उलटंपालटं केलं."

"घरात बाहेरचं कोण येतं?"

"भांड्याच्या बाई आहेत, त्या पंधरा वर्षांपासून. आणि गाडीवाले भाई."

वडील टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, सत्तरीचे, पांढऱ्याशुभ्र लेंग्यातले. ते मुलाच्या मागे गप्प उभे होते. फिर्याद लिहून झाल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"साहेब, नवीन पासपोर्टला साधारण किती दिवस लागतात?"

"तातडीने केलं तरी आठवडा-दोन आठवडे, आजोबा."

"हं," ते म्हणाले. मला वाटले, काळजीने विचारले.

दुपारी मी त्यांच्या गल्लीत चौकशीला गेलो. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराने मला स्वतःच हाक मारली.

"साहेब, मी कोणाच्या भानगडीत पडत नाही. बघितलं तेवढं सांगतो. गुरुवारी दुपारी तो गाडीवाला त्यांच्या जिन्यातून पिशवी घेऊन उतरला. मुलगा-सून तेव्हा पोरांना घेऊन बाहेर गेले होते."

"दुपारी तुमचं दुकान बंद असतं ना?"

"दुकान बंद असतं. डोळे उघडे असतात."

"मग गाडी कुठे गेली?"

"ते मला काय माहीत? खिडकीत ऊन येत होतं, मी पडदा ओढला."

खबर म्हणावी अशी ही एकच गोष्ट हाती होती, आणि विमानाला दोनच दिवस उरले होते. मी हवालदारांना कसबा पेठेत पाठवले. गाडीवाले भाई तिथले पिढीजात रहिवासी, वडिलांचा टांगा होता, यांची टुरिस्ट गाडी. स्टँडवर, चार गाडीवाल्यांच्या देखत, हवालदारांनी त्यांना गाडीसकट चौकीत आणले.

चाळिशीचा माणूस, इस्त्रीचा शर्ट, दोन्ही हात गुडघ्यांवर. मी आधी इकडचे तिकडचे विचारले. माणूस खरे बोलत असताना कसा बोलतो हे ऐकून ठेवले, म्हणजे पुढे खोटे ओळखता येते. मी वीस दिवसांच्या फिरण्याबद्दल विचारले आणि भाई खुलले.

"पहिल्या दिवशी पर्वती. नातू नऊ वर्षांचा, खालीच विचारतो, लिफ्ट कुठे आहे? आजोबा म्हणाले, ही बघ लिफ्ट, आणि त्याला हाताला धरून चढायला लागले. पन्नास पायऱ्यांवर आजोबांनाच दम लागला, मग नातू त्यांना ओढत घेऊन गेला. नंतर सारसबाग, बंडगार्डन, कात्रजचे साप. छोटी सहा वर्षांची आहे. भेळ खाऊन तिच्या डोळ्यांतून पाणी, नाक लाल, तरी म्हणते, मोअर. आजी पदरानं तिचं नाक पुसतायत आणि स्वतः हसून हसून रडतायत. आजोबांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर यादीच केली होती, कुठं कुठं जायचं. संध्याकाळी गाडीतून उतरले की खूण करायचे. साहेब, वीस दिवसांत ते घर पाच वर्षांचं फिरून घेत होतं. आता फक्त सिंहगड राहिला. उद्या रविवारी पहाटे निघायचं ठरलं आहे."

"आणि गुरुवारी दुपारी पिशवी घेऊन कुठे गेलात?"

त्यांचे हात गुडघ्यांवरच राहिले, पण बोलणे थांबले.

"पिशवी होती ना?"

"होती."

"कोणाची? कुठे नेली?"

"पिशवीत काय होतं मला माहीत नाही, साहेब. कुठं नेली ते मला विचारू नका. मी शब्द दिलाय."

"कोणाला?"

"तेच तर नाही सांगायचं."

मी आवाज चढवून पाहिला, समजावून पाहिले, परवाना जाईल अशी भीती घातली. माणूस हलला नाही. इतर सगळे स्वच्छ सांगणारा एकाच जागी अडतो तेव्हा तिथेच गुन्हा असतो, असे मी तोपर्यंत मानत आलो होतो. संध्याकाळी त्यांना घरी सोडले, पण गाडी आवारात ठेवून घेतली आणि सकाळी आठला हजर राहायला सांगितले.

फिर्यादी बापलेक तपासाचे विचारायला पुन्हा आले तेव्हा मी हे त्यांना सांगितले. मुलगा म्हणाला, "आईला एवढ्यात कळू देऊ नका. ती भाईंना घरचं मानते." वडिलांनी मान खाली घातली. मला वाटले, विश्वासाच्या माणसाने दगा दिल्याचे दुःख असेल. दुःखच होते, पण मी समजलो ते नव्हे.

रविवारी सकाळी आठला पाच मिनिटे असताना भाई येऊन बाकावर बसले. मी घरातल्या सर्वांचे जबाब घ्यायला निघालो. पहाटे सिंहगडला निघालेले असते ते कुटुंब घरात विखरून बसले होते. सूनबाई विमान कंपनीच्या फोनची वाट पाहत होत्या. मुले शहाण्यासारखी गप्प होती, आणि लहान मुलांचे असे गप्प असणे बघवत नाही.

आजी स्वयंपाकघरात डब्यात लाडू भरत होत्या. त्यांचा जबाब घ्यायला मी आत गेलो. भिंतीवर दिनदर्शिका होती. सोमवारच्या चौकोनाभोवती गोल केलेला आणि त्याच चौकोनात छापलेले होते, अमावस्या.

मी तालुक्याच्या गावचा. आमच्या घरात शाळेची पायरी चढलेला मी पहिला. कॉलेजसाठी जिल्ह्याच्या गावी निघालो तो वार आईला पसंत नव्हता, पण वसतिगृहात त्याच दिवशी हजर व्हायचे होते. म्हणून तिने दोन दिवस आधी, चांगला मुहूर्त बघून, माझा सदरा मास्तरांच्या घरी नेऊन ठेवला. प्रवाशाची वस्तू घराबाहेर पडली की प्रवास सुरू झाला असे धरायचे. याला प्रस्थान ठेवणे म्हणतात. मला तेव्हा लाज वाटली होती. वर्गातल्या मुलांना कळू नये म्हणून मी आईवर चिडलो होतो. ती आठवण त्या स्वयंपाकघरात एकदम वर आली.

"आजी," मी सहज विचारावे तसे विचारले, "अमावस्येला निघतात? चालतं तुमच्याकडे?"

त्यांनी आधी दाराकडे पाहिले.

"नाही हो चालत. पण तिकिटं त्यांनी तिकडून काढली, आपल्याला विचारतो कोण! मी आपलं गुपचूप प्रस्थान ठेवलंय, गुरुवारी. त्याला नका सांगू. हसतो मला."

"काय ठेवलंत?"

"त्याचा कोट. सोबत तांदूळ, सुपारी. नारायण पेठेत माझी मैत्रीण राहते, तिच्याकडे. भाईंनी नेलं मला गाडीतून. गुडघ्यांमुळे मला जिना उतरायला वेळ लागतो, म्हणून पिशवी घेऊन ते पुढे झाले. त्यांनाही सांगितलंय, कुणाजवळ बोलायचं नाही."

"कोटाचे खिसे बघितले होते?"

"दुसऱ्याचे खिसे मी कशाला बघू?" आजी जरा तोडूनच म्हणाल्या.

मग लाडवाचा डबा हलवून, अजून दोन मावतात का बघत, त्या स्वतःशीच बोलल्यासारखे बोलल्या, "एकदा प्रस्थान ठेवलं की माणूस निघाला असंच धरायचं असतं. गुरुवारपासून मी त्यांना गेलेलंच धरलंय. आता दिसतायत ते वरचे दिवस."

मी वहीत काही लिहिले नाही.

नारायण पेठेतल्या मैत्रीणबाईंनी देवघराच्या फळीवरून पिशवी काढून दिली. "कोणी न्यायला येईना, म्हटलं आता कोटाशिवायच जातात की काय." दोन पंचांसमक्ष कोट उलगडला. आतल्या खिशात रबर लावलेले चारही पासपोर्ट होते. मुलाने बुधवारी बँकेत जाताना ते बरोबर घेतले होते, परतताना कोटात ठेवले आणि विसरला. बँकेत जायचे म्हणून मे महिन्यात कोट घातलेला, घरी आल्यावर खुंटीला लावला तो पुन्हा कोणाच्या डोळ्यांपुढे आला नाही.

घरी एकच गलका झाला. सूनबाई खाली बसल्या. मुलगा आईला रागवावे की हसावे या पेचात पडला. आजोबांनी पासपोर्टांकडे पाहिलेही नाही.

"भाईंना सोडलंत का?" त्यांनी विचारले.

मी त्यांना गॅलरीत घेऊन गेलो.

"आजोबा, तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"शुक्रवारी रात्री लक्षात आलं. बँकेतून येताना त्यानं खिशात ठेवले ते मीच बघितलं होतं. आणि कोट कुठे आहे हेही मला ठाऊक. गुरुवारचा मुहूर्त मीच काढून दिला होता."

"मग फिर्याद द्यायला आलात तेव्हा बोलला का नाहीत?"

त्यांनी समोरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या चादरींकडे पाहिले.

"बोलणारच होतो. म्हटलं सोमवार हुकू दे, मग सापडले म्हणून सांगू. पुढचं तिकीट मिळेपर्यंत चार-सहा दिवस तरी राहतील. पुढच्या खेपेला मी चढू शकेन का सिंहगड? नातू तरी माझा हात धरेल का? चौदा वर्षांचा झालेला असेल."

"आणि तिकडे एक माणूस दोन दिवस चौकीत बसलाय, त्याचं काय?"

"तो निर्दोष आहे, त्याला काय होणार, असं वाटलं."

चांगल्या माणसांच्या तोंडून हे वाक्य मी नोकरीत किती वेळा ऐकले असेल! निर्दोष माणसाला काय होते ते बाकावर बसल्याशिवाय कळत नाही. हे मी त्यांना सांगितले नाही. सांगायचा मला तरी काय अधिकार? त्या बाकावर बसवणारा मीच होतो.

आजोबा माझ्याबरोबर चौकीत आले. मुलाला त्यांनी गॅलरीतून आत येऊन स्वतःच सगळे सांगितले होते. तोही आला, आणि भाईंकडे जायचे म्हणून हट्ट धरून दोन्ही नातवंडेही. आजोबांनी भाईंसमोर हात जोडले.

"चुकलो. मला माहीत होतं आणि मी गप्प बसलो."

भाईंनी त्यांचे जोडलेले हात खाली केले, पण चेहरा सैल झाला नाही.

"आजोबा, इथं माफी मागून काय उपयोग? इथं मला ओळखतो कोण? मला उचललं ते स्टँडवरून, सगळ्यांसमोर. काल माझ्या मुलीला शेजारच्या पोरीनं विचारलं, तुझ्या अब्बांनी काय चोरलं? माझी गाडी कुठल्या बँकेवर नाही चालत, नावावर चालते. लोक बायका-पोरं सोपवतात माझ्याकडे. सांगायचं असेल तर तिथं येऊन सांगा."

"येतो," आजोबा म्हणाले. "आत्ता येतो."

मी स्टेशन डायरीत नोंद केली, गाडीचा ताबा दिला आणि मीही निघालो. पेठेच्या अरुंद रस्त्यातून ती गाडी कसबा पेठेकडे गेली. मागच्या सीटवर मधोमध आजोबा, दोन्ही बाजूंना नातवंडे. सिंहगडला जायची ती गाडी आणि तोच रविवार.

दुपारचे ऊन रणरणत होते. स्टँडवर सात-आठ गाडीवाले होते. आजोबा उतरले. त्यांचा आवाज मुळातच बारीक, पण सगळ्यांना ऐकू जाईल असे बोलले.

"भाईंनी काही घेतलं नव्हतं. वस्तू आमच्याच माणसांनी ठेवली होती. मला ते ठाऊक होतं. नातवंडं आणखी चार दिवस राहावीत म्हणून मी बोललो नाही. यांनी मात्र माझ्या बायकोला दिलेला शब्द पोलिसांपुढेही मोडला नाही."

"आणि मी खात्री न करता यांना आणलं," मी म्हणालो. गणवेशात असे बोलायची सवय नसते. 

एक म्हातारा गाडीवाला म्हणाला, "साहेब, आणताना हवालदार दोन होते. सोडायला निदान चहा तरी सांगा." सगळे हसले. चहा आला. छोटी नात भाईंजवळ गेली आणि तिने मोडक्या मराठीत विचारले, "आपण फोर्ट जायचं?"

भाईंनी घड्याळ पाहिले, आजोबांकडे पाहिले. "आता उशीर झाला, बेटा. एवढ्या उन्हात आजोबांना नाही जमणार."

 आजोबांनी नातवाच्या खांद्यावर हात ठेवला. नातू अंग न चोरता तसाच उभा राहिला.

सोमवारी त्यांना मुंबईला भाईंनीच सोडले, असे मला नंतर कळले. सिंहगड राहिला तो राहिलाच. पुढच्या खेपेपर्यंत आजोबा नव्हते.

या प्रकरणाने मला दोन गोष्टी शिकवल्या. माणूस काही लपवत असेल तर ते त्याचे स्वतःचेच असेल असे नाही. त्यानंतर मी कोणालाही स्टँडवरून, दुकानातून, माणसांतून उचलून आणले नाही. निरोप पाठवला, आणि बहुतेक लोक आपणहून आले. दुसरी गोष्ट मला तेव्हा समजली असे वाटले होते. माया माणसाकडून चूक करवते, असे काहीतरी मी मनाशी म्हटलेही होते. ते नुसते शब्द होते.

आता मी निवृत्त आहे. मुलगी परदेशात असते. मागच्या खेपेला ती अठरा दिवसांसाठी आली होती. नातीला घेऊन मी रोज कुठे ना कुठे गेलो. जायच्या दिवशी सामान दारात काढून ठेवलेले, नात माझ्या मांडीवर, आणि विमानतळावर नेणारी गाडी वीस मिनिटे उशिरा आली. मुलगी घाबरली होती, सारखी फोन लावत होती. मी उभी हयात वेळेसाठी माणसांवर ओरडत आलो. त्या दिवशी ड्रायव्हर ओशाळून "सॉरी काका" म्हणाला, तर मी त्याला एक शब्दही बोललो नाही. पाणी घेणार का, एवढेच विचारले.