टकळीने जिंकलेला खटला

बोलायला लागली तेव्हापासून तिचं नाव टकळी. कागदोपत्री नाव वेगळं होतं, पण परीक्षेच्या हजेरीबाहेर ते कुणी वापरल्याचं आठवत नाही. आई वारली तेव्हा काही दिवस तिची टकळी बंद पडली होती, आणि घरातल्यांना आई गेल्याच्या दुःखाइतकीच त्या शांततेची धास्ती बसली होती. पुढे तिने कायदा शिकायचं ठरवलं, याचं नवल कुणालाच वाटलं नाही. "एवीतेवी भांडतेसच, तर निदान पदवी घेऊन भांड," एवढंच तिचे बाबा म्हणाले.

बाबा म्हणजे सुतारमास्तर. चर्चच्या शाळेत ते मुलांना सुतारकाम शिकवत. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी शाळेमागच्या कार्यशाळेत काढली. मुलांनी आत यायचं, हात धुवायचे, बाकाभोवती उभं राहून मास्तरांबरोबर छोटीशी प्रार्थना म्हणायची आणि मगच रंध्याला हात लावायचा, अशी त्यांची शिस्त. शाळेने ती सांगितली नव्हती. मास्तरांची स्वतःची होती.

बायको गेल्यावर काही वर्षांनी मास्तरांनी पुन्हा लग्न केलं, तेही एका घटस्फोटित बाईशी. तिचा पहिला नवरा तिला टाकून कधीच दुसरीकडे संसार थाटून बसला होता. पण त्यांच्या चर्चच्या हिशेबी तो जिवंत आहे तोवर ती त्याचीच बायको. त्यामुळे चर्चमध्ये लग्न लागेना. शेवटी दोघांनी सरकारी कचेरीत जाऊन सह्या केल्या. शाळेने लगेच नोकरीच्या करारातलं एक कलम पुढे केलं, शिक्षकाने धर्मतत्त्वांना धरून वागावं असं सांगणारं, आणि मास्तरांकडून कार्यशाळेच्या किल्ल्या काढून घेतल्या. "या, बसा, तुमचं काय म्हणणं आहे?" एवढं विचारायचं सौजन्यही कुणी दाखवलं नाही. इतक्या वर्षांच्या माणसाला पाणी विचारतात, यांनी तेही विचारलं नाही.

आता मास्तर फर्निचरच्या एका मोठ्या दुकानात नोकरी करत होते. लाकडाचा भुसा डिंकात कालवून केलेल्या फळ्या, पिशवीत मोजून दिलेले स्क्रू आणि ते पिळायची एक वाकडी चावी घेऊन गिऱ्हाइकाच्या घरी जायचं आणि कपाट उभं करून यायचं. "पूर्वी सुतार होतो, आता खोकी फोडतो," असं ते हसत सांगत, पण सांगताना हाताकडे बघत. त्यांना दुसरं काही नको होतं, कार्यशाळा परत हवी होती. त्यासाठी त्यांनी दावा लावला होता. त्यांच्या वकीलबाई सहसा कुणाला आशा लावणाऱ्या नव्हत्या, पण या खटल्यात दम आहे असं त्याही म्हणत होत्या. त्यांचा मुद्दा सरळ होता. धर्म शिकवणाऱ्याला हे कलम खुशाल लावा, पण हा माणूस लाकूड शिकवतो. लाकडाला कसला आलाय धर्म?

टकळीचं लॉ कॉलेजही ख्रिस्ती संस्थेचंच होतं. संस्था वेगळी, फादर वेगळे, पण सकाळची प्रार्थना तीच. तिथे दरवर्षी मूट कोर्टाची स्पर्धा होई. मूट कोर्ट म्हणजे लुटुपुटीचं कोर्ट. देश कल्पनेतला, खटला कल्पनेतला, विद्यार्थी दोन-दोनच्या जोडीने वकील होतात, मुद्दे आपसांत वाटून घेतात, आणि समोर खरेखुरे निवृत्त न्यायाधीश बसून त्यांची सालटी काढतात. त्या वर्षीचा खटला वाचून टकळीला घाम फुटला. धार्मिक शाळेतला एक संगीतशिक्षक. त्याने घटस्फोटितेशी लग्न केलं. शाळेने त्याला काढलं. प्राध्यापकांनी आपल्या घरात डोकावून हा बेतला की काय, असं तिला क्षणभर वाटलं. पण प्राध्यापकांना तिचे बाबा कोण हेही ठाऊक नव्हतं. असे खटले जगात पैशाला पासरी आहेत. ज्याच्या घरात असतो त्याला वाटतं आपला एकच.

मग काय विचारता! रोज संध्याकाळी स्वयंपाकघरात कोर्ट भरू लागलं. बाबा उंच स्टुलावर न्यायाधीश. नवी आई, जिला टकळी मावशी म्हणे, भांडी पुसता पुसता प्रेक्षक. टकळी ओट्याला टेकून संगीतशिक्षकाची बाजू मांडायची आणि मास्तर लाटण्याने ओटा ठोकून "मान्य! मान्य!" म्हणायचे. न्यायाधीशाने असं म्हणायचं नसतं, हे तिने दहादा सांगून पाहिलं. मास्तर म्हणत, "मी माझ्या कोर्टाचा धनी आहे. तू बोल."

या खेळाचा एक नियम मात्र तिने घरी कधी नीट सांगितला नाही. दोन्ही जोड्यांनी दोन्ही बाजू तयार करायच्या असतात, आणि कुणी कोणती लढायची हे फेरीच्या तोंडावर नाणं उडवून ठरतं. शाळेची बाजूही तिने घोटून तयार केली होती, पण ती कॉलेजच्या ग्रंथालयात. लपवायचं असं काही नव्हतं. त्या स्वयंपाकघरात ते बोलायला तिची जीभच रेटली नसती. आणि नशीब असं, की अंतिम फेरीपर्यंत प्रत्येक वेळी शिक्षकाचीच बाजू तिच्या वाट्याला आली.

अंतिम फेरीला मास्तर लग्नातला कोट घालून आले. मावशीही आली. दोघं पुढच्याच रांगेत बसली. टकळीचा जोडीदार एक ताडमाड मुलगा होता, त्याला सगळे शिडी म्हणत. मागच्या खोलीत त्याने नाणेफेकीत कौल दिला आणि तो हरला. समोरच्या जोडीने विचार न करता शिक्षकाची बाजू घेतली. कोण सोडेल? नोकरीवरून काढलेला बिचारा नवरा. सभागृह आधीच त्याच्या खिशात.

टकळी धावत स्पर्धेच्या प्रमुख मॅडमकडे गेली. "मॅडम, मला ही बाजू नाही मांडता येणार. माझ्या घरी..."

"बाजू आवडती का नावडती, हे वकिलाने म्हणायचं नसतं," मॅडम घड्याळ बघत म्हणाल्या. त्या काही वाईट नव्हत्या. हेच वाक्य त्या दरवर्षी कुणाला ना कुणाला म्हणत.

"मग मुद्दे बदलू या," ती शिडीला म्हणाली. "धर्माचा मुद्दा तू घे. नीट सुनावणी झाली की नाही, तो मला दे."

"आत्ता? अगं, मी महिनाभर एवढाच केलाय. तिथे उभा राहून काय, श्रीगणेशा करू?" शिडीचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्याचीही आई प्रेक्षकांत होती.

निदान बाबांना सांगावं म्हणून ती सभागृहात शिरली, तोच न्यायाधीश आले आणि सगळे उभे राहिले. तिने लांबूनच हाताने 'बाहेर जा' अशी खूण केली. मास्तरांना वाटलं, पोरगी घाबरलीय. त्यांनी मूठ वळून तिला धीर दिला आणि आरामात खाली बसले.

मुद्दाम पडायचं, असं टकळीने ठरवलं. सुरुवातीची वाक्यं ती इतकं पुटपुटत बोलली की मधल्या न्यायाधीशांनी दोनदा कानाला हात लावला. शिडी टेबलाखालून तिच्या पायाला पाय लावत होता. हरणं काही अवघड नव्हतं. अजून थोडा वेळ तसंच पुटपुटत राहिली असती तरी भागलं असतं. पण न्यायाधीशांनी चष्मा काढला आणि विचारलं, "वकीलबाई, हा माणूस पियानो शिकवतो. आता सूर ख्रिस्ती असतात का, हे तरी सांगा."

सभागृह हसलं. सगळ्यात मोठ्याने मास्तर हसले. 'बघ, आपलाच मुद्दा,' अशा अर्थाने त्यांनी मावशीला कोपरखळी मारली.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. कुणी प्रश्न टाकला आणि टकळीने तो तसाच जाऊ दिला, असं जन्मात झालं नव्हतं. उत्तर तिच्या डोक्यात यायच्या आधी तोंडात आलं.

"नसतात, महोदय. पण कुठल्याही चांगल्या शिक्षकाला विचारा. तो म्हणेल, मी संगीत शिकवत नाही, मूल घडवतो. संगीत आपलं निमित्त."

बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं, की हे वाक्य ग्रंथालयातलं नाही. हे बाबांचं. फक्त लाकडाच्या जागी संगीत. पण आता गाडी उताराला लागली होती.

"हा शिक्षक रोजचा तास प्रार्थनेने सुरू करी, हे दोन्ही पक्षांना मान्य आहे. त्याच्यावर कुणी सक्ती केली नव्हती. मुलं धर्म पुस्तकातून शिकत नाहीत, महोदय. शेजारी उभा राहून, हात धरून जो शिकवतो, त्याच्याकडे बघून शिकतात. म्हणून तो कसा राहतो, हा शाळेचा प्रश्न आहे. त्याचं लग्न ही एकदा घडून गेलेली चूक नाही, तो उघड आणि रोज चालू असलेला नियमभंग आहे. आज त्याचे वकील म्हणतात, हा नुसता पियानोवाला. असं म्हणून ते त्याला नोकरी परत मिळवून देतीलही. पण त्यासाठी त्याचं आयुष्यभराचं काम त्यांना नाकारावं लागेल."

न्यायाधीशांनी पुढचा प्रश्न विचारला नाही. त्यांनी मान डोलावली आणि काहीतरी लिहून घेतलं. टकळीने पुढच्या रांगेकडे पाहिलं. मास्तर हसत नव्हते. ते अगदी लक्ष देऊन ऐकत होते, वर्गातला हुशार मुलगा ऐकतो तसे. मावशी खाली बघून पर्सचा बंद बोटाला गुंडाळत होती.

शाळेची बाजू जिंकली. उत्कृष्ट वक्ता म्हणून टकळीचं नाव पुकारलं, तेव्हा मास्तर उभे राहून टाळ्या वाजवत होते. शिडीने तिला उचलायचंच बाकी ठेवलं होतं. तिला मात्र कुठेतरी तोंड लपवावंसं वाटत होतं.

बसमध्ये तिघं एका ओळीत बसली. बस सुटली. मग मावशी अगदी हळू म्हणाली, "रोज चालू असलेला, म्हणालीस ना बाळा?"

"मावशी, तसं म्हणावं लागतं. ती आमची भाषा असते."

"हो, असेल की," मावशी म्हणाली आणि खिडकीबाहेर बघू लागली.

घरी आल्यावर कोट खुंटीला लावता लावता मास्तर म्हणाले, "मला पटलं, टकळे. मी दावा मागे घेतोय."

आधी तिला वाटलं, थट्टा करताहेत. मग तिने चेहरा पाहिला. "बाबा, तो खेळ होता! नाणं पडलं म्हणून मी ती बाजू घेतली. दुसरीकडे पडलं असतं तर उलटं बोलले असते!"

"ते कळतं मला. मी काय कुक्कुलं बाळ आहे? पण तू बोललीस ते खरंच होतं. मी जिंकायचं कसं, तर कोर्टात उभं राहून म्हणायचं, मी नुसता लाकूड तासत होतो. इतकी वर्षं पोरांबरोबर प्रार्थना म्हटली ती आपली उगीच. वकीलबाई मला तेच पाठ करायला सांगतात. माझ्या घशाखाली उतरत नव्हतं, पण का उतरत नाही ते कळत नव्हतं. आज तू सांगितलंस."

"पण त्यांनी तुम्हाला विचारलंसुद्धा नाही, बाबा! एक शब्द ऐकून घेतला नाही. ते चूकच आहे. त्यावर लढू."

"विचारलं असतं तर मी काय सांगणार होतो? मावशीला सोडतो, असं?"

ती ओट्याला टेकून उभी राहिली आणि तिने शिक्षकाची बाजू मांडायला सुरुवात केली. सगळे मुद्दे, सगळे निवाडे, एकही न गाळता. जिवाच्या आकांताने बोलली. मास्तर स्टुलावर बसून शेवटपर्यंत ऐकत राहिले. ओटा मात्र त्यांनी ठोकला नाही.

"हेही छान आहे," ते म्हणाले. "पण एक सांग. तिथे बोलत होतीस, तेव्हा तुला स्वतःला ते पटत होतं की नाही?"

बापाशी खोटं बोलावं, असा तो एक क्षण होता. तिला जमलं नाही. पटत होतं. बोलत असेपर्यंत पूर्ण पटत होतं, आणि शाळेने अन्याय केला हेही तितकंच पटत होतं. दोन्ही एकदम कसं पटतं, हे सांगणारा शब्द तिच्याकडे नव्हता. ती रडायला लागली. मास्तरांनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि समजूत काढू लागले, जणू तिचंच काही गेलंय. त्या हातावर वाकड्या चावीने पडलेला नवा घट्टा होता.

पुढचे दिवस तिने काय नाही केलं? मावशीला मध्ये घातलं. मावशी म्हणाली, "मी कोणत्या तोंडाने सांगू? माझ्यामुळेच तर सगळं." शिडीला घरी आणून सुनावणीचा मुद्दा मांडायला लावला. मास्तरांनी त्याला जेवू घातलं, त्याचं कौतुक केलं आणि आपला हेका सोडला नाही.

शेवटी ती त्यांच्याबरोबर वकीलबाईंकडे गेली, निदान तिथे तरी कुणी त्यांना अडवेल म्हणून. बाई चांगल्याच भडकल्या.

"मास्तर, पुढच्या महिन्यात तारीख आहे, आणि तुम्ही आज मागे घेताय? कार्यशाळा नको झाली का?"

"हवी आहे. पण ती अशी नको."

"कोणी भरवलं हे तुमच्या डोक्यात? शाळेच्या वकिलाने गाठलं का तुम्हाला?"

"छे हो!" मास्तर हसले. टकळीच्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी तिला जरा पुढे केलं. तिच्याकडे बघताना त्यांचा चेहरा अभिमानाने नुसता फुलला होता. "ही माझी मुलगी. कॉलेजच्या कोर्टात पहिली आली."

वकीलबाईंनी चष्म्यावरून टकळीकडे पाहिलं. टकळीने तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

"सांग ना गं टकळे," मास्तर म्हणाले, "तिथे सांगितलंस तसं बाईंना नीट समजावून सांग. मला नाही तुझ्यासारखं बोलता येत."