पहिला शब्द कुणाच्या घरी

"गप ऱ्हव गो जरा." आमच्या पाळणाघराच्या मावशी हे मुलांना कधीच म्हणायच्या नाहीत. म्हणायच्या आम्हा आयांना, तेही स्वतःच्या ओठांवर बोट ठेवून.

विक्रोळीत आमच्याच इमारतीच्या तळमजल्यावर दोन खोल्यांत त्यांचं पाळणाघर होतं. मालवणकडच्या, अंगानं किरकोळ, आवाज मात्र तिसऱ्या मजल्यावर पोचणारा. अशा मावशी तुम्हीही कुठेतरी पाहिल्या असतील. माझी मुलगी अडीच वर्षांची झाली तरी बोलत नव्हती. बोट दाखवायची, हात धरून ओढायची, पण शब्द म्हणून नाही. सगळे म्हणायचे, होईल हळूहळू. मी मनातून पार खचले होते.

मावशींनी आधी मला तिचे कान तपासायला पिटाळलं. "डॉक्टराक दाखव. मगे मी बघतंय." कान चांगले निघाले. डॉक्टरीणबाईंनी घरी करायच्या गोष्टी कागदावर लिहून दिल्या. मावशींनी तो कागद माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. मी तो फ्रिजवर चिकटवला आणि विसरले.

त्या विसरल्या नाहीत. मटार सोलताना मुलांना भोवती घेऊन बसायच्या. "ही शेंग. फोडली. दाणो इलो." एवढं बोलायचं आणि मग थांबायचं, मुलांच्या तोंडाकडे बघत. ते थांबणं मला सोसवायचं नाही. एकदा मुलीनं फुग्याकडे बोट केलं आणि मी लगेच "फुगा हवा का?" म्हणत तो तिच्या हातात दिला.

"तूच इचारतस, तूच उत्तर देतस," मावशी म्हणाल्या. "चेडवान बोलाचा कधी?" चेडू म्हणजे माझी मुलगी.

मला राग आला. दोन दिवस मी त्यांच्याशी धड बोलले नाही. पण खरंच होतं ते. आमच्या घरी तहान लागायच्या आधी तिच्या तोंडाशी पेला जायचा.

मग एका शुक्रवारी मुलीला माझ्या कडेवर देताना त्या म्हणाल्या, "आज पेलो नुसतो दाखव. नि गप ऱ्हव."

मी ओट्यापाशी पेला धरून उभी राहिले. ती पेल्याकडे बघे, माझ्याकडे बघे. शेवटी म्हणाली, "पानी."

मी गाऊनवरच तिला घेऊन खाली धावले. मावशी भाकऱ्या थापत होत्या. पिठाचे हात गालांना लावून त्यांनी मला तीनदा सांगायला लावलं, कशी म्हणाली ते. मग माझ्या हातावर साखर ठेवली.

गेल्या वर्षी इमारत पाडायला घेतली आणि मावशी गावी गेल्या. परवा बाजारात त्यांची सून भेटली. माझ्या मुलीची अखंड बडबड ऐकून हसली.

"वहिनी, ही आमच्याकडे पहिल्यांदा 'पानी' म्हणाली ना, तेव्हा सासूबाई रडल्याच. आम्हाला तंबी दिली, वर कुणी सांगायचं नाही. तिच्या आईला स्वतः ऐकू दे म्हणाल्या."

"कधीची गोष्ट?"

"तुम्ही खाली धावत आलात ना, त्याच्या चार दिवस आधीची. तुम्हाला ठाऊक नाही?"

घरी येऊन मी गावी फोन लावला आणि सरळ विचारलं.

"काय तरीच गो," मावशी म्हणाल्या. "सुनेक काय म्हायत? चेडू पयल्यांदा तुझ्याच घरात बोलला."

मला रडू आवरेना. म्हटलं, "हो मावशी. माझ्याच घरात."