ठेवली तेव्हा चालत होती

डेट्रॉइटला खेटून असलेल्या हॅमट्रॅमकच्या त्या गल्लीत यूजीन वोयतासला सगळे जीन म्हणत. उभी हयात त्याने सॉसेजच्या दुकानात काढली, पण कालचं मांस आजचं म्हणून कधी विकलं नाही. कालच्याचा ट्रे वेगळा, त्यावर त्याच्या अक्षरात ‘कालचं’ अशी चिठ्ठी. मालक कुरकुरायचा, गिऱ्हाइकं मात्र टिकली. असा माणूस स्वतःची गाडी विकताना पाटीवर खोटं कशाला लिहील? म्हणून तर लोक पाटी वाचून का हसतात, हे जीनला कळेना.

गाडी पॅकार्ड होती. बनवणारी कंपनी केव्हाच बंद झाली, पण एके काळी डेट्रॉइटमध्ये पॅकार्ड म्हणजे बड्या घरचं लक्षण. जीनने ती जुनीच घेतली होती आणि शनिवारी लग्नांना भाड्याने द्यायचा. गल्लीतल्या निम्म्या नवऱ्या तिच्यातूनच चर्चला गेल्या. आता ती मागच्या गॅरेजमध्ये खालून गंजत उभी होती. चारी चाकं बसलेली, छताचं अस्तर लोंबत आलेलं. तरी महिन्यातून एकदा जीन बाहेरून तिची धूळ पुसायचा. आत बसायचं त्याला कधी काही कारण पडलं नाही.

बायको, लॉटी, गेली. घर विकलं गेलं. लवकरच त्याला मुलीकडे लान्सिंगला राहायला जायचं होतं आणि तिथे गाडीला जागा नव्हती. घेणाऱ्याने गाडी दुरुस्त करून रस्त्यावर आणावी, सुटे भाग काढून तिचा सांगाडा करू नये, एवढीच जीनची इच्छा होती. त्याने पाटी लावली: ‘पॅकार्ड विकणे आहे. ठेवली तेव्हा चालत होती.’

पहिला माणूस पाटी वाचून हसला आणि पुढचे दिवे तेवढे देता का म्हणाला. दुसरा त्याच्यापेक्षा जोरात हसला.

“आणि चालवायला एक म्हातारी, तीही फक्त रविवारी चर्चला जाताना, असंच ना?”

जीनने गंभीरपणे सांगितलं की नाही, शनिवारी, लग्नांना. त्यावर तो माणूस पोट धरून हसत सुटला.

शेवटी शेजारच्या चेट ग्विझ्दालाने उलगडा केला. गाडी कितीही मेलेली असो, विकणारा हेच वाक्य लिहितो, आणि चर्चला जाणारी म्हातारी ही त्याच जातीची थाप. त्यामुळे या धंद्यात त्याचा अर्थ उलटाच घेतात.

“मग खरंच चालत असली तर काय लिहायचं?” जीनने विचारलं.

चेटने डोकं खाजवलं. “ते लिहायची वेळच कोणावर आली नाही अजून.” मग म्हणाला, “पण तुझी तरी कुठे चालत होती, जीन? ढकलून आत घातली की आपण. तू, मी आणि कोपऱ्यावरचा स्टॅन. स्टिअरिंगवर लॉटी.”

जीनला तर स्वच्छ आठवत होतं. मुलीच्या लग्नाहून येऊन त्याने स्वतः गाडी आत घेतली, इंजिन बंद केलं, किल्ली खिळ्याला अडकवली. ढकलली ती तुझी स्टेशनवॅगन, असं त्याने चेटला ठणकावून सांगितलं. चेट म्हणाला, तीही ढकलली होती, पण ती दुसऱ्या वेळी. स्टॅनला विचारावं, तर स्टॅन कधीच वारलेला.

त्या शनिवारी टोलेडोहून लव्हॉन पेटवे आली. जुन्या गाड्या स्वतःच्या हाताने उभ्या करणारी बाई. पाटी वाचून ती हसली नाही. विजेरी घेऊन गाडीखाली शिरली ती बराच वेळ बाहेरच आली नाही. मग हात पुसत तिने सरळ सांगितलं की गाडी चालत असताना ठेवली असेल, तर हे इंजिन वाचवता येईल. रस्त्यात बंद पडून ढकलत आणली असेल, तर आत काहीतरी तुटलंय, आणि तसं दुसरं इंजिन मिळणं कठीण. मग भाग काढण्यापलीकडे तिचा उपयोग नाही.

“मी तुमच्या शब्दावर विसंबणार आहे, मिस्टर जीन. चालवत आणली की ढकलत?”

जीनने चेटकडे पाहिलं. चेटने कुंपणाकडे पाहिलं.

उत्तराची वाट पाहतापाहता लव्हॉनने लांब दांड्याचा पाना काढला. इंजिन हाताने फिरवून बघते, तोवर आत बसून गियर सुटा आहे का पाहा, असं तिने जीनला सांगितलं. जीन आत शिरला तो अडकलाच. गुडघे थेट स्टिअरिंगला टेकले. त्याने सीटच्या कडेचं बटण चाचपलं, दाबलं, पुन्हा दाबलं.

“ही पुढे कोणी ओढली?”

“ती विजेवर सरकते, आणि बॅटरी तर कधीची मेलीय,” लव्हॉन म्हणाली. “शेवटी जो बसला, त्याच्या मापाची आहे.”

जीन सहा फुटांवर. लॉटी जेमतेम त्याच्या छातीला लागायची. जीन तसाच दुमडून बसून राहिला. म्हणजे मुलीच्या लग्नाचा दिवस हा नव्हेच. पण लॉटीही अधूनमधून गाडी चालवायची. चालवत आणली तिने, की ढकलताना नुसती बसली होती? किल्ली खिळ्याला अडकवणारा हात मात्र त्याला अजूनही स्वतःचाच दिसत होता.

“मी सांगत होतो,” चेट म्हणाला, पण हळूच.

“आणली ती मी नाही, एवढं खरं,” जीन म्हणाला. “चालत होती की नव्हती, ते आता मला माहीत नाही. पाटी खोटी असेल.”

लव्हॉनने पाना लावून जोर दिला. बराच वेळ काही नाही, मग इंजिन कण्हल्यासारखं करून थोडं फिरलं.

“म्हणजे चालत होती?” जीनने आतून विचारलं.

“म्हणजे फिरतंय,” ती म्हणाली. “मोडत नाही मी हिला. अख्खी नेते. इंजिन उघडलं की तुम्हाला फोन करते, चालत होती की नाही, ते तुम्हालाही कळेल.”

चाकांत हवा भरली. गाडी ट्रेलरवर चढवायची तर कोणीतरी स्टिअरिंगवर हवं, आणि जीन आतच अडकलेला. लव्हॉन आणि चेटने मागून जोर लावला. गाडी कुरकुरत उजेडाकडे निघाली आणि उजवीकडे दाराच्या चौकटीवर जाऊ लागली.

“डावीकडे, लॉटी, डावीकडे,” मागून धापा टाकत चेट ओरडला.

जीनने मुकाट्याने डावीकडे वळवलं.