लाल नळाचं गार पाणी

दुबईत अल कुसैसमधल्या आमच्या मराठी मंडळाच्या हॉलची देखभाल करणारा तो माणूस रत्नागिरीकडचा होता. नाव मी कधी विचारलं नाही. बोलण्याआधी फडक्याला हात पुसायची त्याला सवय होती.

मे महिन्यात त्याने हॉलमधले सगळे गीझर बंद केले आणि बटणांवर काळी टेप चिकटवली. अध्यक्ष भडकले. "पाहुणे येतात, गरम पाणी नको? आत्ताच्या आत्ता चालू करायला सांगा त्याला!" सेक्रेटरी म्हणून मी गेलो.

त्याने सावकाश हात पुसले आणि निळा नळ सोडला. गच्चीवरच्या टाकीतलं कढत पाणी आलं. मग लाल नळ सोडला. बंद गीझरमध्ये, एसीत राहून निवलेलं गार पाणी आलं.

"उन्हाने तापलेलं पाणी बिल भरून परत तापवायचं? मला कामावरून काढा, साहेब, टेप निघणार नाही." मग नजर रोखून त्याने विचारलं, "तुमच्या घरी चालू आहे गीझर?"

नव्हता. उन्हाळ्यात इथे कुणाच्याच घरी तो चालू नसतो. थाट फक्त हॉलमध्ये.

तेवढ्यात अध्यक्षांचा फोन आला. "झालं का काम?"

"नाही झालं," मी म्हणालो. "साहेब, तुमच्या घरी चालू आहे गीझर?"