एप्रन आणि पिस्तूल

पोस्टिंगची ऑर्डर आली तेव्हा मी यॉर्कशरमधल्या एका बराकीच्या किचनमध्ये बटाटे उकडत होते. ब्रिटिश आर्मीत मी शेफ होते. हुद्दा प्रायव्हेट, म्हणजे सगळ्यात खालचा. त्याआधी विमानतळाजवळ हाउन्सलोला, विमानात जाणाऱ्या जेवणाचे ट्रे भरायचे. शाळा गावाकडे चौथीपर्यंत. लग्न करून या देशात आले, लग्न टिकलं नाही. आर्मीला शेफ कमी पडत होते आणि मला हाउन्सलोतून निघायचं होतं.

ऑर्डर काबूलबाहेरच्या एका तळाची होती. आमचे सैनिक तिथल्या सैन्याला शिकवत होते. माझं काम तेच राहणार होतं. चहा, पॉरिज, बीन्स, चिकन. फरक एकच. तिथे शेफलाही सतत पिस्तूल अंगावर ठेवावं लागे. झोपताना, जेवताना, शेगडीसमोर उभं असताना. कारण अशा तळांवर आधी असं झालं होतं की ज्याला शिकवलं त्यानेच बंदूक आमच्याकडे फिरवली.

आता, परत आल्यावर, इथे हाउन्सलोच्या मंडळाच्या गणपतीत एका गृहस्थाने मला फोनवर व्हिडिओ दाखवला. "ताई, तुम्ही आर्मीतल्या ना? स्वस्तात चांगलं पिस्तूल कुठलं हो? आणि त्याला वरून काय काय बसवता येतं?" या देशात साध्या माणसाला ते घरी ठेवता येत नाही, हे त्याला माहीत होतं. नुसती हौस. मी प्रसादाची प्लेट घेतली आणि बाजूला झाले. चारचौघांत मला बोलता येत नाही. त्याला जे उत्तर द्यायचं होतं ते घरी बसून लिहीत आहे. तो वाचणार नाही, ते बरंच.

आम्हाला पिस्तूल शिकवायला कॉर्पोरल तळकर होता. सॅम तळकर. स्टॅनमोरचा. त्याचे आजी-आजोबा मुंबईचे, बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू. घरात आजी मराठी बोलायची, म्हणून त्यालाही येत होतं, मोडकंतोडकं. पहिल्या दिवशी माझं नाव वाचून त्याने मान वर केली.

"शिंदे. मराठी?"

"हो, कॉर्पोरल."

"मग तुला दोन भाषेत शिव्या मिळणार. लकी आहेस तू."

मला वाटलं होतं, परक्या ठिकाणी आपल्या भाषेचा माणूस भेटला. तो विचार त्याच दिवशी संपला.

रेंजवर पाऊस होता. हातात जुनं पिस्तूल दिलं. अख्खं लोखंडाचं, जड. ते बाळगायचं तेव्हा आत गोळी ठेवायची नाही, असा नियम. वेळ आली की आधी स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, दुसऱ्या हाताने मागे ओढून सोडायचा. मग गोळी आत जाते. याला मेक रेडी म्हणतात. त्याची स्प्रिंग कडक होती आणि माझे हात लहान आहेत. ओल्या हातातून स्लाइड निसटायची. बाकीचे गोळ्या झाडून मोकळे व्हायचे आणि मी तिथेच ओढत बसलेली.

"शिंदे, तुला कणीक मळता येते?"

"येते, कॉर्पोरल."

"मग हातात जोर कुठे गेला? चपातीत?"

मुलं हसली. त्यांना शब्द कळले नव्हते, सूर कळला होता.

मी टेस्टमध्ये नापास झाले. तळकरने सगळ्यांसमोर आमच्या किचनचा सार्जंट होल्ट याला सांगितलं, हिला नेऊ नका. होल्ट म्हणाला, दुसरा शेफ मिळत नाही, हीच येणार. माझ्यासाठी तो बोलत नव्हता. सहाशे माणसांचं जेवण त्याला एकट्याने करायचं नव्हतं. माझ्यापुढे प्रश्न साधा होता. त्या तळावर वेळ आली तर पिस्तूल माझ्या हातात वेळेत येणार की नाही. नाही आलं तर मी मरणार होते, आणि माझ्या बाजूचाही.

दुसऱ्या दिवशी तळकरने मला शस्त्रागारात बोलावलं. टेबलावर दोन पिस्तुलं होती. एक ते जुनं. दुसरं नवीन आलेलं, खालची बॉडी काळ्या प्लास्टिकची, हलकं. नवी तेव्हा थोडीच आली होती. ती स्वस्त पडतात म्हणून घेतली, असं मुलं म्हणायची, आणि त्यांना खेळणं म्हणायची.

"घे. दोन्ही पकड. कुठला पाहिजे?"

मी एकदा हे, एकदा ते हातात धरत राहिले.

"लवकर. हे नवरा शोधायचं नाहीये."

"नवरा लवकर शोधला होता, कॉर्पोरल," मी म्हणाले. कसं बोलून गेले माहीत नाही.

मी नवं उचललं. ते आत गोळी ठेवूनच बाळगता येतं. काढायचं आणि ट्रिगर ओढायचा. दुसरा हात लागत नाही. स्वस्त की महाग, याच्याशी मला काय करायचं होतं?

पण त्याची मूठ मोठी होती. बोट ट्रिगरवर टोकानेच पोचायचं आणि गोळी डावीकडे जायची. तळकरने ते माझ्या हातातून ओढून घेतलं, मुठीमागची एक छोटी पिन ढकलली आणि पाठीवर बसवलेली जाड पट्टी काढली. त्या पट्ट्या वेगवेगळ्या मापांच्या येतात. कुणीतरी मोठ्या हाताच्या माणसाने सगळ्यात मोठी लावून ठेवली होती. पट्टी निघाल्यावर मूठ बारीक झाली.

"आता?"

"पोचतं."

"पोचतं, कॉर्पोरल. आणि थँक यू नको. तू मेला तर चालेल. तू माझ्या एका पोराला मारायला नको, म्हणून देतो."

तो हे मला तोंडावर म्हणाला. मी मुद्दाम तसंच लिहिलं आहे.

त्या पिस्तुलाने मी टेस्ट पास झाले. मग तळकरने एप्रन आणायला सांगितलं. किचनमधला, गळ्यापासून गुडघ्यापर्यंतचा पांढरा. आर्मीने दिलेलं होल्स्टर, म्हणजे पिस्तुलाचं म्यान, मांडीला बांधायचं असे. एप्रन घातला की ते खाली झाकलं जायचं. तो म्हणाला, काढ. मी हात घातला, हातात एप्रन आला. पुन्हा काढ. पुन्हा एप्रन.

"वा. समोरच्याला काय करणार तू? पुसणार?"

सुट्टीत मी हाउन्सलोला आले तेव्हा जुन्या लष्करी सामानाच्या एका दुकानातून छातीवर बांधायचं होल्स्टर घेतलं. पहिलं कापडी घेतलं, कारण ते स्वस्त होतं. पिस्तूल काढलं की ते मिटून जायचं, मग एका हाताने परत आत घालता येईना. परत जाऊन कडक प्लास्टिकचं घेतलं. त्या गृहस्थाला सांगण्यासारखं एवढंच आहे. पिस्तूल तुमच्या हाताच्या मापाचं पाहिजे, आणि ज्यात ठेवाल त्यातून ते एका हाताने निघालं पाहिजे. बाकी दिवे, रंग, चकचकीत भाग सगळी चैन आहे.

तळकरही आमच्याबरोबर आला होता, पहाऱ्याच्या कामावर. काबूलला पोचल्यावर होल्ट आणि तो यांच्यात माझ्या छातीवरून भांडण सुरू झालं.

होल्ट म्हणाला, "माझ्या किचनमध्ये एप्रनवर काही लटकणार नाही. स्वच्छतेचा नियम आहे. होल्स्टर आत."

तळकर म्हणाला, "आत ठेवलं तर ते असून नसल्यासारखं आहे, सार्ज."

"तू दारात उभा राहा, कॉर्पोरल. जेवण माझं."

"जेवण तुझं. प्रेतं कुणाची?"

मी मध्ये ट्रे धरून उभी. मला कुणीच काही विचारलं नाही. किचनमध्ये होल्ट असला की होल्स्टर आत, तळकर आला की बाहेर. एकाने ओरडायचं, मग दुसऱ्याने. शेवटी एका सकाळी मी भाजी कापायची मोठी कात्री घेतली आणि एप्रनचा कमरेच्या वरचा भाग कापून टाकला. गळ्याची पट्टीही गेली. आता एप्रन कमरेला आणि होल्स्टर शर्टावर. दोघांपैकी एकाचाही नियम मोडत नव्हता.

होल्टने सरकारी एप्रन खराब केला म्हणून मला आठवडाभर भांडी घासायला लावली. तळकर काउंटरपाशी आला, वर खाली बघितलं.

"कोण शिकवला तुला?"

"कोणी नाही."

"दिसतंय. कडा पण नीट नाही कापली." एवढं बोलून बीन्स घेऊन गेला.

आमच्यात मैत्री झाली, असं इथून पुढे कुणाला वाटू नये. झाली नाही. तो माझ्या इंग्रजीची नक्कल करायचा. मी त्याच्या प्लेटमध्ये चिकनचा सगळ्यात कोरडा तुकडा वाढायचे, आणि त्याला ते माहीत होतं.

तो दिवस रविवार होता. दुपारचं जेवण चालू होतं. रविवारी रोस्ट, म्हणजे भाजलेलं मांस, असायचं, म्हणून रांग लांब होती. जेवताना एक जण न जेवता, शस्त्र घेऊन बाकीच्यांवर लक्ष ठेवतो. त्याला गार्डियन एंजल म्हणतात. त्या दिवशी तळकर होता. काउंटर आणि दार यांच्यामध्ये उभा. त्याची पाठ माझ्याकडे.

बाहेरच्या फाटकावरचा एक अफगाण गार्ड दारात आला. रोजचा चेहरा. तळकरने हात वर करून त्याला थांबवलं. "शस्त्र बाहेर ठेव," असं तो त्यांच्या भाषेत म्हणाला. गार्डने रायफल वर केली आणि झाडली.

तळकर मागे आला आणि काउंटरला आपटून खाली बसला. होल्ट फ्रीझरच्या आड गेला. त्याला दोष देत नाही, त्याचं पिस्तूल एप्रनच्या आत होतं. रांगेतली माणसं जमिनीवर आडवी झाली. त्यांच्याकडे पिस्तुलं नव्हती, रायफलीच होत्या, आणि त्या रॅकवर, गार्डच्या पलीकडे. तो आता टेबलांकडे वळत होता.

मी काउंटरच्या बाजूने बाहेर आले. तळकरच्या चिलखती जाकिटाला मानेमागे ओढायचा पट्टा असतो. तो मी डाव्या हाताने धरला आणि ओढलं. तो जड होता. उजव्या हाताने पिस्तूल काढलं. गार्डने माझ्याकडे पाहिलं. मी ओढत होते आणि झाडत होते. तो पडला. रायफल त्याच्या हातातून सुटून टेबलाखाली गेली, तोवर मी थांबले नाही.

मग खूप आवाज झाला. कुणीतरी रेडिओवर गोळीबाराची खबर देत मेडिक मागत होतं.

"कॉन्टॅक्ट, कुकहाउस. वन कॅज्युअल्टी. शूटर डाउन. सेंड मेडिक."

"रॉजर. मेडिक मूव्हिंग. एनी मोर शूटर्स?"

"अननोन. वेट, आउट." म्हणजे माहीत नाही, पुढचं नंतर कळवतो.

मी तळकरला काउंटरच्या आड आणलं होतं. गोळी जाकिटाच्या वर, मान आणि खांदा यांच्यामध्ये लागली होती. मी कमरेचा एप्रन सोडून तिथे दाबला. त्याचे डोळे उघडे होते. तो माझ्या पिस्तुलाकडे बघत होता.

"रीलोड," तो म्हणाला.

मी दाबतच राहिले.

"रीलोड कर. बघत काय बसला."

मी एक गुडघा एप्रनवर ठेवून दाब कायम ठेवला आणि मॅगझिन बदललं. ते त्याने पाहिलं. मेडिक आला तेव्हा मी बाजूला झाले. हेलिकॉप्टर यायच्या आत तो गेला. आमचं दुसरं कुणी मेलं नाही.

होल्टने दुसऱ्या दिवशी कात्री मागितली आणि सगळे एप्रन कमरेपासून कापून घेतले. चौकशीला आलेल्या ऑफिसरने माझं काम चांगलं होतं असं लिहिलं. सगळे म्हणाले, तळकरने शिकवलेलं कामी आलं, त्याचा तुझ्यावर किती जीव होता. मी मान हलवली. बोलायला लागले असते तर रडले नसते, भांडले असते.

पुढे मी आर्मी सोडली. परत हाउन्सलोला आले. तळकरच्या आईचे फोन यायचे. फ्लोरा आंटी. मी दोन वर्षं कारणं सांगितली. या वर्षी त्याच्या स्मृतिदिनाला गेले. भुयारी रेल्वेची पिकॅडिली लाइन, मग गाडी बदलून स्टॅनमोर. घर नीटनेटकं, बाहेर गुलाब. आलेल्या माणसांसाठी केलेल्या मलिद्याचं ताट होतं, गोड पोहे, वर खोबरं आणि फळं. बाकी सगळे गेले तरी तिने मला बसवून ठेवलं. आंटीचं मराठी छान आहे, मुंबईचं.

"सगळे येतात आणि सांगतात, सॅम फार चांगला होता. त्याच्या ऑफिसरने पण तेच लिहिलं. फोटोवर हार घालतात तसं बोलतात गं. मला माझा मुलगा ओळखू येत नाही त्यात. तू होतीस त्याच्याजवळ. खरं सांग."

"नको आंटी."

"का नको?"

"मला तो आवडायचा नाही. त्यालाही मी नाही आवडायचे."

मी पर्स उचलली. मला वाटलं आता उठायला सांगेल.

"मग ओढलंस कशाला त्याला?"

यावर मी खूप विचार केलेला आहे, तरी उत्तर साधंच आलं. "तो आमचा होता. आणि आवडत नव्हता म्हणून सोडून देऊ?"

तिने मान हलवली. माझ्या प्लेटमध्ये आणखी मलिदा वाढला.

"काय करायचा तो? तुला न आवडण्यासारखं?"

"जाताना विमानात माझी खिडकीची सीट घेतली. म्हणाला, शेफना बाहेर बघायचं काम नसतं. आणि सगळा वेळ झोपला. खिडकी बंद करून."

आंटी हसली. "अगदी. बहिणीशी हेच करायचा. रडवायचा तिला. आणखी?"

मी सांगत गेले. नकला, टोमणे, चिकन, सगळं. माझ्यासारखी कमी बोलणारी बाई, मी कधी एवढं बोलले नव्हते. ती काही ठिकाणी हसली, काही ठिकाणी त्याच्यावर चिडली, "असं बोलला? माझा मुलगा?" मग एका गोष्टीच्या मध्येच ती उठली, किचनमध्ये गेली आणि नळ सोडला. पाणी बराच वेळ वाहत होतं.

मी गप्प झाले.

नळ बंद झाला. "थांबू नकोस गं," आंटी आतून म्हणाली. "मला इथे ऐकू येतंय."