पात्राच्या मध्यावर बंद केलेली मोटर

पुराच्या त्या दुपारी नांदेडजवळ गोदावरीच्या मध्यावर आमची बोट थांबली. कळा सुरू झालेल्या एका बाईला आणि तिच्या सासूला पाण्याने वेढलेल्या वस्तीवरून दवाखान्यात न्यायचं होतं. चालक गौतम होता. मी बातमीसाठी गेलो होतो. आज एका गॅरेजात त्या बोटीच्या मोटरसारखा, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळल्याचा वास आला आणि दिवसभर तेच डोक्यात राहिलं.

वस्तीवरून निघताना बुडालेल्या उसाची पानं पंख्यात गुंतू नयेत म्हणून गौतमने मागची मोटर उचलून तिचा कल ठरवणारी पिन वरच्या भोकात घातली होती. खोल पाण्यात ती खाली घ्यायची राहून गेली. वेग घेताच बोटीचं नाक वर उठून आपटू लागलं. प्रत्येक दणक्याला ती बाई कण्हायची. गौतमने मोटर बंद केली.

"कामून थांबवून राहिलास रे? लेकरू हितंच व्हायचं का?" सासू म्हणाली.

"अशीच पळवली तर उलटंल, मावशी. साहेब, तुम्ही म्होरं सरका. मागं वजन लई झालंय."

बोट पुलाच्या खांबांकडे वाहत होती. "लवकर," मी दोनदा म्हणालो. गौतमने पिन दोन भोकं खाली बसवली आणि मग मोटर सुरू करायची दोरी ओढली. नाक पाण्याला टेकलं. उरलेलं अंतर बोट सरळ गेली.

दवाखान्यात पोचल्यावर अर्ध्या तासात मुलगी झाली.

इंजिनात बिघाड झाल्याने बोट अडकली, असं मी बातमीत लिहिलं. तसं छापूनही आलं. इंजिनात बिघाड नव्हता. बोट उलटू नये म्हणून मोटर गौतमने बंद केली होती.